पायरीतली पाती

मर्डो गिलीसच्या शेडच्या दारात सिमेंटची एक पायरी होती आणि त्या पायरीत एकतीस मोडकी पाती गाडलेली होती. धार खाली, पाठ वर, बाजारात मासे मांडतात तशी एकाला लागून एक. स्लिप क्रीक गावात पाऊस कधी उघडतो हेच विचारावं लागतं, त्यामुळे ती पाती बारा महिने गंजून लाल असत. नवं गिऱ्हाईक आलं की मर्डो त्याला पायरीवरच अडवी.

"खाली बघ. ही मी न विकलेली पाती. पाणी देताना तडकली, मी मोडली, इथे पुरली. चाळीस वर्षांत एकतीस. आता आत ये."

एवढं भाषण झालं की गिऱ्हाइकाबद्दलचा त्याचा आदर संपला. नंतर उरे ती नुसती जीभ, आणि ती त्याच्या सुऱ्यांपेक्षा जास्त चाले.

मर्डोला माणसांचा राग होता असं कुणी म्हणू नये. रागवायला समोरचा निदान बरोबरीचा लागतो. त्याला माणसांची कीव यायची, आणि कीव करायचाही कंटाळा यायचा. हेलिकॉप्टरमधून हरणं टिपणारे म्हणजे त्याच्या लेखी कसाई, तेही आळशी. पुस्तकातली चित्रं बघून सुरी मागवणारे म्हणजे बाहुला-बाहुली खेळणारे बाप्ये. ग्रेमाउथच्या दुकानात काचेमागे चमकणाऱ्या सुऱ्या बघून तो एकदा भर रस्त्यात थुंकला होता. आणि ऑकलंडकर? ती तर माणसातली निराळीच जात, जिला ढग दिसला की छत्री आठवते आणि नदी दिसली की कॅमेरा.

आख्ख्या वेस्ट कोस्टवर त्याने दोनच माणसं मानली. एक टामाती, सापळेवाला, जो नऊ वर्षांपूर्वी वारला. दुसरी टामातीची मुलगी हिनेवाई. बापाच्या मागे तीच वाइरोटो नदीच्या वरच्या खोऱ्यात एकटी दहा-दहा दिवस फिरायची, किवी पक्ष्यांची पिल्लं फस्त करणाऱ्या, मुंगसासारख्या स्टोटांसाठी लावलेले सापळे तपासायची. टामातीची सुरी मर्डोनेच केली होती आणि त्याच्यानंतर ती पोरीच्या कमरेला असायची. गेल्या मार्चच्या पुरात ती सुरी गेली. कशी गेली विचारलं तर हिनेवाई म्हणाली, "नदीने घेतली, काका." तिला बोलायला पैसे पडतात, त्यामुळे मर्डोने पुढे विचारलं नाही.

"तुला नवी करतो," तो म्हणाला होता. "बापाच्या सुरीपेक्षा बरी."

तिच्यासाठी त्याने पोलादही काढून ठेवलं होतं. जुन्या लाकूड-गिरणीच्या मोठ्या करवतीचा एक तुकडा, तेलाच्या फडक्यात गुंडाळून टेबलाखाली. असं पोलाद आता मिळत नाही. रोज उद्या करू म्हणता म्हणता मे उजाडला, आणि मे महिन्यात, हिवाळ्याच्या तोंडावर, लायनेल प्रायर आला.

लायनेल ऑकलंडचा. नदीच्या मुखाशी असलेलं पडकं हॉटेल त्याने विकत घेतलं होतं आणि त्याचं काय करायचं हे अजून ठरवत होता. उंच, गोरागोमटा, कोऱ्या बुटांचा. पायरीवरचं भाषण त्याने टोपी काढून ऐकलं. मग शेडमध्ये आला आणि खिशातून कागद काढला.

"हे काय आहे?" मर्डोने विचारलं.

"सुरीचं डिझाइन. रानात वापरायची सुरी. आठवडाभर बसून काढलं मी."

मर्डोने कागद उजेडात धरला. हातभर पातं. पाठीवर करवतीचे दात. टोकाशी आकडा. मूठ पोकळ, तिच्यात काड्यापेटी आणि मासे धरायचा गळ. बुडाला होकायंत्र.

"चहाची किटली कुठे बसते ह्यात?"

लायनेल मनापासून हसला. हाच त्याचा मोठा दोष होता, कितीही घालून पाडून बोला, गडी हसायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

"हसतोस काय? हे दात लाकूड कापत नाहीत, तुझी पँट कापतील. पोकळ मूठ दुसऱ्या घावाला निखळेल. आणि होकायंत्र बघून ज्याला घरी यावं लागतं त्याने घराबाहेर पडूच नये."

"बरं. मग तुम्ही म्हणाल तशी करू."

ह्याने तर मर्डोचं डोकं आणखीनच फिरलं. भांडायला आलेला माणूस परवडला. त्याने फळीवर पेन्सिलीने एक रेघ ओढली. साडेचार इंचांचं पातं, पाठ सरळ, टोक पाठीच्या रेषेपेक्षा जरासं खाली, म्हणजे कातडं सोलताना आत घुसत नाही. पोटाला हलकी गोलाई. पोरानेही काढावी अशी साधी आकृती. पण ती सापडायला मर्डोची पंधरा वर्षं गेली होती, आणि ती ह्या ठोंब्यासमोर मांडायची त्याला लाज वाटली.

"छान आहे," लायनेल म्हणाला. "फक्त तीन गोष्टी. मूठ बारीक हवी. बुडाला दोरी ओवायला भोक हवं. आणि कुठेतरी नारिंगी रंग, म्हणजे नेच्यांत पडली तरी दिसेल."

"तुझा पंजा फावड्याएवढा आणि मूठ बारीक? स्वतःचा हात तरी बघितलायस का कधी?"

"बारीकच बरी. आणि भोक हवंच. नदीने नेऊ नये."

"नदी सुरीला नेत नाही. माणसाला नेते."

"हो," लायनेल म्हणाला. त्या एकाच वेळी तो हसला नाही. मर्डोच्या ते ध्यानात आलं, पण ऑकलंडकराच्या चेहऱ्याचा विचार करत बसायला त्याला वेळ नव्हता.

मर्डोची एक रीत होती. सुरी कुणाचीही असो, आधी त्या माणसाच्या हातात नदीची ओली चिकणमाती द्यायची आणि सांगायचं, धर घट्ट. मातीत मूठ उमटते, बोटं उमटतात, त्या ठशावरून लाकूड कोरायचं. कोस्टवरची निम्मी माणसं अशी माती दाबून गेली होती. त्या वेळी तो विचारायचा, "काय कापणार?" आणि उत्तर नीट ऐकायचा. मर्डो माणसाचं बोलणं नीट ऐकायचा तेवढंच.

"माती देता ना तुम्ही हातात?" लायनेलने विचारलं. "मी तेच विचारणार होतो, कारण त्याचं असं आहे की—"

"नको. भिंतीवरच्या खिळ्याला ठसा लागत नाही."

लायनेलने तोंड उघडलं, मिटलं आणि पुन्हा हसला. मर्डोने टेबलाखालच्या पोलादाकडे बघितलंही नाही. कोपऱ्यातल्या भंगाराच्या डब्यातून त्याने एक झिजलेली कानस उचलली. कानशीचं पोलाद कडक, धार चांगली धरतं, पण नाजूक. पाणी देताना जरा दुर्लक्ष झालं की दगा देतं. ऑकलंडकराच्या भिंतीला ते पुष्कळ झालं.

तीन आठवडे लायनेल रोज यायचा. उलट्या बादलीवर बसायचा, खिमा भरलेली गरम पाई आणायचा. मर्डो पाई खायचा आणि खाता खाता ऑकलंडच्या पाईला नावं ठेवायचा. पाई ग्रेमाउथची होती, पण लायनेलने सांगितलं नाही. तो प्रश्न विचारायचा. हे असं का, ते तसं का. आणि मर्डो, लोकांचा एवढा तिटकारा असलेला मर्डो, उत्तरं द्यायचा, कारण शिव्या घालत घालत शिकवण्यात एक निराळीच मजा असते.

"पातं तडकलं तर?" एकदा लायनेलने विचारलं.

"माझी तडकत नाहीत."

"दारात एकतीस आहेत."

"ती बहुतेक माझ्या तरुणपणची. शेवटचं अकरा वर्षांपूर्वीचं. आता हात बसलाय. तडकतात ती शिकाऊ पोरांची, आणि तुझ्यासारखे बादलीवर बसून बडबड करतात त्यांच्या नशिबाने."

पाणी द्यायचा, म्हणजे लाल तापलेलं पातं बुडवून कडक करायचा, दिवस आला तेव्हा बाहेर गवतावर दव गोठलं होतं. म्हणायला पाणी, मर्डो द्यायचा तेलात. आणि तेल आधी कोमट करावं लागतं, एक लोखंडी सळई लालभडक करून त्यात बुडवायची म्हणजे झालं. हिनेवाईचं पातं असतं तर त्याने दोनदा सळई बुडवली असती आणि तेलात बोट घालून बघितलं असतं. मुठीत जाणारी शेपटी पात्याला जिथे मिळते तिथला कोपराही त्याने गोल कानशीने घासून वळवला असता, कारण अणकुचीदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. हे त्याला झोपेतही माहीत होतं. पण लायनेल आपल्या नव्या बुटांना पाणी कसं लागतं ते सांगत होता, आणि ह्या सुरीसाठी एवढा जीव काढायचा म्हणजे गाढवाला गुळाची चव शिकवायची. राहू दे, झालं.

पातं चेरीसारखं लाल झालं. मर्डोने लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटेना, म्हणजे पुरेसं तापलं. चिमट्याने उचललं आणि टोक खाली करून तेलात सोडलं. भडका उडाला, धूर झाला आणि धुरातून आवाज आला.

टिंग.

चमचा कपाच्या काठाला लागावा, एवढाच. सुऱ्या करणाऱ्याला तो आवाज स्मशानातही ऐकू येतो.

"काय वाजलं?" लायनेलने विचारलं.

मर्डोने चिमटा हलवला नाही. "छपराचा पत्रा. तापला की वाजतो."

"ह्या थंडीत?"

"भट्टी दिसत नाही तुला?"

"गोड वाजला," लायनेल म्हणाला आणि छपराकडे बघून मान डोलावली.

तो गेल्यावर मर्डोने पातं पुसलं, भिंग लावलं. तडा होताच. त्याच कोपऱ्यात, केसाएवढा, पाठीकडून खाली गेलेला, नखापेक्षा कमी लांबीचा. त्याने पातं व्हाइसच्या जबड्यात आवळलं आणि हातोडा उचलला. एक टोला द्यायचा, पायरीतलं सिमेंट जरा उकरायचं, बत्तिसावं. चाळीस वर्षं हेच केलं होतं.

हातोडा हातात तसाच राहिला. मोडायचं म्हणजे उद्या त्या बादलीवर बसलेल्या हसऱ्या थोबाडाला सांगायचं, की तडकलं. तीन आठवडे ज्याला 'माझी तडकत नाहीत' म्हणून ऐकवलं, त्याला. आणि तो काय म्हणणार? "असू द्या हो, होतं असं," म्हणणार, समजूत घालणार. ऑकलंडकर मर्डो गिलीसची समजूत घालणार! त्यापेक्षा मेलेलं बरं. आणि हा गडी ह्या सुरीचं करणार काय? चीज कापेल, पाहुण्यांना दाखवेल, खिळ्याला अडकवेल. खिळ्यावर काय तडकतंय? मर्डोने हातोडा जागेवर ठेवला.

पातं ओव्हनमध्ये दोन तास भाजून त्याने त्याचा ठिसूळपणा काढला, घासलं, उजळलं. राता नावाच्या झाडाच्या लाल लाकडाची बारीक मूठ बसवली, खाली नारिंगी पट्टी, बुडाला भोक, आणि पुढे पितळेची एक पट्टी, जिच्याखाली तो कोपरा पार झाकून गेला. नेहमी तो पितळ लावत नसे. सुरी देखणी झाली. शेवटी पात्यावर त्याने आपली खूण ठोकली, एम आणि जी, आणि ठोकताना हातोडा हलकाच मारला.

लायनेलने सुरी दोन्ही हातांत घेतली. त्याचे डोळे भरून आले. किती बावळट असावं माणसाने!

"मर्डो, ही पक्की आहे ना? रानात दगा तर नाही देणार?"

"तुझ्या हातात? शंभर वर्षं टिकेल."

उत्तर चोख होतं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, असं मर्डोने दिवसभर स्वतःला बजावलं.

गुरुवारी तो नोलीनच्या पबमध्ये गेला. नोलीन पबही चालवायची आणि खोऱ्याचा रेडिओही. वर फोन नव्हते, म्हणून रोज संध्याकाळी सात वाजता ती काउंटरमागून हवामान वाचायची आणि रानात असलेल्या प्रत्येकाची हजेरी घ्यायची. मर्डो ह्या प्रकाराला बायकांची चावडी म्हणायचा. चाळीस वर्षांत त्याने त्या माइकला हात लावला नव्हता.

"काय सुरी केलीस रे!" नोलीन त्याच्यासमोर बिअर ठेवत म्हणाली. "मी बघतच राहिले."

"ऑकलंडकर इथेही मिरवून गेला वाटतं."

"तो कशाला? हिनेवाईने दाखवली."

मर्डोचा ग्लास ओठांपर्यंत जाऊन थांबला. "हिनेवाईकडे कशी?"

"घ्या! करणाऱ्यालाच पत्ता नाही. अरे, तिच्यासाठीच केली ना त्याने. मार्चच्या पुरात तो वाहून चालला होता, हिनेवाईच उतरली पाण्यात. पाठीवरच्या पिशवीचा पट्टा कापून काढला त्याला, आणि त्यातच बापाची सुरी गेली. ती कुणाला सांगते थोडीच! त्यानेच मला सांगितलं, आणि शपथ घातली की मर्डोला कळू देऊ नकोस, तो हिनेवाईला सांगेल आणि मग ती सुरी घेणारच नाही."

बारीक मूठ. दोरीला भोक. नदीने नेऊ नये. मर्डोला सगळं एकदम ऐकू आलं.

"कुठाय ती?"

"आज सकाळीच वर गेली. दहा दिवस. वाटेवरच्या झोपड्यांत मुक्काम करत जाते, आता परत येईपर्यंत तिची गाठ नाही." नोलीनने त्याच्याकडे बघितलं. "काय झालं तुला? बिअर खराब आहे का?"

मर्डोचं वय एकाहत्तर, गुडघे दोन्ही गेलेले. हिनेवाई एका दिवसात जेवढं चढते तेवढं त्याला आठवड्यात झालं नसतं. म्हणजे उरला रेडिओ. भिंतीवरच्या घड्याळात साताला दहा कमी होते. तो बसून राहिला.

सात वाजता नोलीनने हवामान वाचलं. वर बर्फ, खाली पाऊस, नदी चढणार. मग एकेकाला हाक मारली. शिकारी, रस्ता दुरुस्त करणारी गँग, झऱ्यावरचे सोनं धुणारे दोघे भाऊ. सगळे एकमेकांचं ऐकत होते. शेवटी खरखरीतून हिनेवाईचा आवाज आला.

"दुसऱ्या झोपडीत पोचले. सात स्टोट, दोन उंदीर. सगळं ठीक. ओव्हर."

मर्डो उठला, काउंटरला वळसा घातला आणि नोलीनच्या हातातून माइक घेतला.  खिडकीशी लायनेल बसला होता, तो कौतुकाने पुढे वाकला.

"हिनेवाई. मी मर्डो."

क्षणभर नुसती खरखर. मग, "काका? कोण गेलं?"

"कोणी नाही. सुरी... सुरी कशी आहे?"

"काका, मी आल्यावर सांगणार होते तुला! हातात अशी बसली, जशी काही माझीच माती दाबून केलीस. लोण्यासारखी चालते. बाबाला आवडली असती. ओव्हर."

बोलायचं होतं ते एवढंच: ती तडकलेली आहे, वापरू नकोस. मर्डोच्या जिभेवर ते तयार होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या जिभेला काही खरं काम आलं होतं. काउंटरवर नऊ माणसं ग्लास धरून ऐकत होती. सगळ्या खोऱ्यात कान होते, आणि त्यातल्या एकाएकाला त्याने कधी ना कधी पायरीवर उभं करून खाली बघायला लावलं होतं. आणि लायनेल, तो तर हसत होता.

"तेल लावत जा तिला," मर्डो म्हणाला. "गंजेल नाहीतर."

"लावते. ओव्हर अँड आउट."

पबमध्ये कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हातारा मऊ पडला." मर्डोने त्याच्याकडे बघितलं नाही. घरी जाताना त्याने स्वतःची समजूत घातली. तडा केवढा? केसाएवढा. पितळेखाली दाबलेला. कातडं सोलायला काय जोर लागतो? उद्या सांगू, नोलीनला बाजूला घेऊन सांगू. दुसऱ्या संध्याकाळी तो पबच्या दारापर्यंत गेला, आत हशा ऐकला आणि परतला. तिसऱ्या संध्याकाळी पाऊस एवढा होता की हिनेवाईचा आवाज आलाच नाही. चौथ्या दिवशीही नाही. पावसात असं होतंच, नोलीन म्हणाली.

सहाव्या दिवशी कळलं की ती वरच्या खोऱ्यातून दोन दिवस चालत रस्त्याला लागली, उजवा हात शर्टात गुंडाळून. लायनेलने तिला गाडीत घालून ग्रेमाउथला नेलं. मर्डोने शेडचं दार आतून लावून घेतलं आणि भट्टी पेटवली नाही.

पंधरा दिवसांनी ती दोघं आली. पायरीवर पावलं वाजली, मर्डोने दार उघडलं. हिनेवाईचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. बोलायला लायनेलनेच सुरुवात केली.

"मर्डो, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. चूक आमचीच आहे. शेकोटीसाठी लाकूड फोडताना तिने पात्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकलं, जरा जास्तच ठोकलं असेल. लाकूड ओलं होतं ना. तुमची एवढी मेहनत वाया गेली. मी तिला म्हटलं, आपण जाऊन माफी मागू."

माफी! मर्डो गिलीसची! एरवी ह्यावर त्याने लायनेलची सालपटं काढली असती. आता तो त्या बांधलेल्या हाताकडे बघत होता.

"हात कसा आहे?" त्याने हिनेवाईला विचारलं.

"दोन बोटांच्या शिरा तुटल्या. शिवल्यात. बोटं मिटतील की नाही ते वसंतात कळेल, म्हणतात." तिने डाव्या हाताने खिशातून रुमाल काढला, ऐरणीवर ठेवला आणि उलगडला. आत दोन तुकडे होते, मूठ आणि पातं. सुरी पितळेच्या पट्टीशीच मोडली होती. तिने पातं उचललं आणि मोडलेलं तोंड खिडकीच्या उजेडाकडे केलं.

"आठव्या वर्षी ह्याच शेडमध्ये तू मला हे वाचायला शिकवलंस," ती म्हणाली. "ताजं मोडलेलं पोलाद करडं असतं, मिठासारखं कणीदार. बघ, आहे. आणि हा कोपऱ्यातला डाग. काळा-तपकिरी. हा माझ्या दांडक्याचा नाही. ह्यात तेल शिरलंय आणि मग ते ओव्हनमध्ये भाजलंय."

मर्डो बघत होता. डाग नखापेक्षाही लहान होता.

"लायनेल," तिने मागे न बघता विचारलं, "पाणी देताना तू होतास ना इथे? काही वाजलं होतं?"

"हो, वाजलं होतं की!" आपल्याला आठवतंय ह्याचा लायनेलला आनंद झाला. "गोड वाजलं, टिंग करून. छपराचा पत्रा होता तो. मर्डो म्हणाले ना." मग त्याने मर्डोकडे बघितलं, हिनेवाईकडे बघितलं, आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. तो मर्डोला वाटत होता तेवढा बावळट नव्हता.

"आणि रेडिओ," हिनेवाई म्हणाली. "तू रेडिओवर आलास तेव्हा मला वाटलं गावात कोणीतरी मेलं. वर तीन रात्री मी विचार करत होते, काकाने तेल लावायला सांगायला माइक का धरला. ऐकला होतास ना आवाज?"

"ऐकला होता."

तिने पातं पुन्हा रुमालावर ठेवलं.

"मला काय माहीत तुझ्यासाठी आहे?" मर्डो म्हणाला. आवाज चढवायला गेला आणि तो चिरकला. "मला वाटलं हा ऑकलंडकर भिंतीला लावणार. ह्याच्यासाठी म्हणून मी..."

"माझ्यासाठी असती तर चाललं असतं?" लायनेलने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, बादलीवर बसून विचारायचा तसंच. 

मर्डो खाली वाकला, गुडघे करकरले, आणि टेबलाखालून तेलाच्या फडक्यातलं पोलाद त्याने काढलं. "हे बघ, पोरी. हे तुझंच ठेवलं होतं. करवतीचं आहे. ह्याची करतो. आत्ता बसतो. माती देतो तुला, धर, मूठ घेऊ..."

"कुठल्या हाताची?" तिने विचारलं.

मर्डोने फडकं पुन्हा गुंडाळलं. काहीतरी करायला हवं होतं म्हणून त्याने ऐरणीवरचे तुकडे उचलायला हात पुढे केला. "निदान हे तरी... मी सिमेंट कालवतो. पायरीत बसवतो."

हिनेवाईने तुकड्यांवर डावा हात ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "पायरीत तू न विकलेली आहेत."

तिने दोन्ही तुकडे रुमालात ठेवले आणि एका हाताने गुंडाळायला लागली. गाठ काही मारता येईना. ती लायनेलने मारली.